जोकबेदची कडी

सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि म्हणूनच ते सुधारायची बुद्धी झाली. बुद्धी झाली ती खुद्द रंजितालाच, त्यामुळे दोष द्यायलाही दुसरं कोणी नव्हतं.

जुन्या पनवेलात, तलावामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. काम मोजणीचं आणि घरांच्या नकाशांचं. सायमन सरांनी ते उभं केलं, आणि उतारवयात मुलीकडे, रिवकाकडे, इस्रायलला कायमचे गेले तेव्हा किल्ल्या रंजिताच्या हातावर ठेवून गेले. तेव्हापासून बाईने ऑफिसातली खुर्चीसुद्धा इकडची तिकडे केली नव्हती. पण टेबलांवरचे दोन्ही कॉम्प्युटर अगदीच रडायला लागले, तसे तिने काल मनावर दगड ठेवून ते मोडीत दिले आणि नवे आणले. आणि आज सकाळपासून जोकबेद दार उघडेना.

जोकबेद म्हणजे माळ्यावरची काळी पेटी. ऑफिसातला सर्वात जुना कॉम्प्युटर. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, नुसता हिरवा दिवा. पण ऑफिसाने काढलेला प्रत्येक नकाशा त्याच्या पोटात, आणि खालचे दोन्ही कॉम्प्युटर वायरीने त्याला जोडलेले. इथे बसून फोल्डरवर टिचकी मारली की तिथला नकाशा समोर. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलेलं. आता टिचकी मारली की पडद्यावर एक चौकट यायची: नाव सांगा, पासवर्ड सांगा.

"पासवर्ड काय?" प्रणितने विचारलं. हा खांदा कॉलनीतला कॉम्प्युटरवाला, दोन पोरांचा बाप, आणि स्वतःच्या हुशारीवर भलताच खूश.

"नाहीये."

"नाहीये म्हणजे विसरलात?"

"विसरायला आधी असावा लागतो ना! कधी नव्हताच."

प्रणितने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने घराला भिंतीच नाहीत असं सांगितलं. मग त्याने हातखंडा उपाय सुरू केले. वायर काढली, फुंकली, परत लावली. सगळं बंद करून चालू केलं. वायरी जोडणारा डबा बदलला. नवा कॉम्प्युटर जुन्याला ओळखत होता, त्याचं नावही दाखवत होता, पण आत घेऊन जात नव्हता. चहा झाला, दुसरा चहा झाला, घोडं तिथेच पेंड खात उभं. "हार्डडिस्कच गेली असेल मॅडम, पेटी टाकून द्या," असं म्हणेपर्यंत त्याची मजल गेली, तेव्हा मात्र रंजिता भडकली.

"टाकून द्या? तुझ्या जिभेला काही हाड?"

आता एवढं भडकायला काय झालं? कोणीही विचारेल. तर ऐका. रंजिताचं गाव विमानतळात गेलं. गाव गेलं, भातखाचरं गेली, तिच्या वडिलांनी बांधलेलं घरही गेलं. आई मालू आणि भाऊ दीपेश भाड्याच्या खोलीत आले. बदली प्लॉट मिळाला, पण तो हाती येईस्तोवर मालूचे डोळे काचबिंदूने नेले. आता घर बांधायचं ठरलं, तर म्हातारीचं एकच मागणं: खालचा मजला जुन्या घराबरहुकूम हवा. तीच ओटी, तेच माजघर, चुलीची जागा तीच.

"मना डोळं नाय तरी चालंल," ती म्हणायची. "पाय हायेत ना? पायांना घर ठाव हाय. भाड्याच्या खोलीत मी पानी प्यायला बी हाक मारते. माझ्या घरान मना कोनी धरू नका."

आणि त्या घराचा नकाशा होता. गाव पाडायच्या आधी सायमन सरांनीच तो काढला होता. कागदावरची प्रत भाड्याच्या खोलीत वाळवीने खाल्ली, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. जोकबेदमध्ये आहे ना, मग झालं. उद्या सकाळी मुहूर्त होता. मिस्त्री फक्की घेऊन जमिनीवर आखणी करायला येणार, आणि तो नकाशा आज छापून मिळाला नाही तर दीपेश खारघरच्या एका आर्किटेक्टचा तयार नकाशा देणार होता.

दुपारी त्याचा फोन आलाच.

"ताई, मिलाला का नाय?"

"बघतंय रे. जरा थांब."

"अगो, मुहूर्त थांबनार हाय का? दुसरा नकाशा बी चांगलाच हाय. हॉल केवढा मोठा दिलाय! आन् आईला आता काय दिसतंय? तिला काय कलनार हाय?"

"तिलाच कळणार आहे, दीपेश. तिलाच!" एवढं बोलून तिने फोन आपटला. रागाच्या भरात ती भावाशी शहरी बोलायची, ही तिची जुनी खोड.

प्रणित एव्हाना मोबाइलवर काहीबाही वाचत होता. आता त्याचा चेहरा जरा माणसासारखा झाला होता. "मॅडम, पेटी ठीक आहे. चूक माझी. जुन्या कॉम्प्युटरांना बिनपासवर्डचं चालायचं. ही नवी जात तसल्या घरात पाऊलच टाकत नाही. समोरच्याला कुलूप नसेल तर तो चोरच असणार, असं हिला शिकवलंय. आपण वरच्या पेटीला पासवर्ड लावला, तर ही मुकाट आत जाईल."

"म्हणजे दार उघडायला आधी कुलूप लावायचं?"

"तसंच समजा."

"कसलं मेलं हे तुमचं शास्त्र!" रंजिता म्हणाली, पण जागची हलली नाही. कारण पासवर्ड लावणं म्हणजे तिला साधी गोष्ट नव्हती.

आयटीआय करून ती गावातून या ऑफिसात आली, तो पहिला दिवस तिला लख्ख आठवत होता. आधी ज्या ठिकाणी ती शिकाऊ होती, तिथे प्रत्येक फायलीसाठी साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभं राहावं लागायचं, साहेब कीबोर्डवर हात आडवा धरून पासवर्ड मारायचे. म्हणून इथेही तिने दारातच विचारलं होतं, "सर, फायली बघायला परवानगी कोणाची घ्यायची?" सायमन सर असे हसले की त्यांचा चष्मा घसरला. "ही पेटी बघितलीस? हिचं नाव जोकबेद. माझ्या आईचं नाव. आईच्या घरात शिरायला कोणी परवानगी मागतं का, पोरी?" मग त्यांनी घरून आणलेला मालिदा तिच्या हातावर ठेवला. गोड पोहे, खोबरं, वेलची. बेने इस्रायली लोकांच्या प्रेषिताच्या, एलियाहू हन्नाबीच्या नावाने केलेला प्रसाद. तो खातानाच रंजिताला वाटलं होतं, आता आपण कुठे जायचं नाही.

आणि खरंच ती गेली नाही. किती माणसं आली नि गेली, कोणी कोणाच्या फायली पळवल्या नाहीत. सर म्हणायचे, "नकाशात बघ, दार नेहमी उघडंच काढतात. बंद दार काढायची पद्धतच नाही." हे खरंच होतं, तरी प्रत्येक नव्या माणसाला ते नव्याने सांगायचे, आणि बाकीचे तोंड लपवून हसायचे. कसले सोन्यासारखे दिवस होते ते! प्रणितसमोर रडायचं नव्हतं, म्हणून ती शिडी आणायला गेली.

दोघांनी मिळून जोकबेद खाली उतरवला. वर बोटभर धूळ. नवा पडदा जोडला. कीबोर्ड मात्र जुन्या गोल पिनेचाच लागला, तो अडगळीच्या कपाटात मिळाला. पेनड्राइव्ह लावून एवढी एकच फाईल काढून घ्यावी, असं प्रणितने सुचवून पाहिलं, पण खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने त्या खाचा कधीच गंजल्या होत्या. पडदा उजळला. मागे चित्र होतं ते ऑफिसच्या सहलीचं, शिरढोणच्या रस्त्यावर उसाच्या गुऱ्हाळापाशी सगळे उभे. मधोमध सर, ओठांवर रसाच्या फेसाची मिशी. रंजिता कडेला, वेणी घातलेली, किती बारीक!

"ह्या तुम्ही?" प्रणितने विचारलं.

"मग काय तुझी आत्या?"

त्याने पासवर्डाची जागा उघडून दिली आणि कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. पांढऱ्या रकान्यात रेघ लुकलुकत होती. रंजिताने हात उचलला, परत खाली ठेवला. मग मोबाइल घेऊन ती गॅलरीत गेली.

फोन रिवकाने उचलला आणि लगेच बापाकडे दिला. सरांचा आवाज पातळ झाला होता, पण मराठी तीच, पनवेलची.

"रंजिता! ऑफिस आहे का विकलंस?"

"सर, थट्टा नको. जोकबेदला पासवर्ड लावावा लागतोय." आणि तिने सगळं भडाभडा सांगितलं. आईचे डोळे, उद्याचा मुहूर्त, दीपेश, नवा कॉम्प्युटर. शेवटी तिचा आवाज फुटलाच. "तुम्ही नाही म्हणालात तर लावणार नाही. दुसरं काहीतरी बघीन."

मग सर म्हणाले, "वेडी आहेस. अगं, माझी आई रोज संध्याकाळी दाराला कडी घालायची. मी विचारलं, आई, चोराची भीती वाटते का? तर म्हणाली, चोर काय नेणार आहे? वाऱ्याने दार आपटतं, म्हणून कडी. आणि ती कडी कशी निघते ते साऱ्या आळीला ठाऊक. कडी वाईट नसते, रंजिता. घरच्यांना ती काढता आली म्हणजे झालं."

"मग लावू?"

"लाव. मालूबाईचंच नाव लाव. माझ्या आईच्या दाराला तुझ्या आईचं नाव." ते एकदम हसले. "त्या घरात शिरताना कपाळमोक्ष झाला होता माझा, आठवतं? केवढीशी ती चौकट! टेंगूळ आलं, तर तुझ्या आईने हळद लावली आणि वर मलाच म्हणाली, देवाच्या आन् गरिबाच्या घरान वाकून याचं. अजून रिवकाच्या मुलांना सांगतो मी."

रंजिता आत आली. रकान्यात तिने आईचं नाव टाइप केलं.

"मॅडम, एवढा सोपा?" प्रणित कळवळला. "एखादा आकडा तरी टाका."

"गप रे."

मग ती नव्या कॉम्प्युटरपाशी बसली. चौकट आली, नाव सांगा, पासवर्ड सांगा. तिने सांगितलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग फोल्डर धडाधड उघडले, एकाखाली एक, सगळे जिथल्या तिथे. "आलं! आलं गं बाई!" ती ओरडली. प्रणितने हुश्श करून तिसरा चहा मागवला. घराचा नकाशा पडद्यावर पसरला. ओटी, माजघर, चूल, परसातली तुळस. पुढचं दार आतल्या बाजूला उघडलेलं. रंजिताला ते पुढचा काही वेळ धड दिसेना, डोळे पुसून पुसून तिची ओढणी ओली झाली. नकाशा छापायला टाकून तिने एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत पासवर्ड लिहिला आणि भिंतीवर चिकटवून टाकला. प्रणितने कपाळावर हात मारला.

सकाळी प्लॉटवर मिस्त्रीने नकाशा दगडाखाली ठेवून दोऱ्या ताणल्या आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या. दीपेश बाजूला हाताची घडी घालून उभा होता. हॉल गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. भटजी यायचे होते. मालूने चपला काढल्या.

"मना सोड," ती रंजिताला म्हणाली.

"आये, जमीन वरखाली हाय."

"सोड म्हनते ना!"

रंजिताने हात सोडला. म्हातारी पावलाने चाचपत पहिल्या रेघेशी आली. मग एकदम तिची चाल बदलली. ओटीवरून ती सरळ निघाली, जिथे झोपाळा असायचा तिथे जराशी कलून गेली, कोणाचा धक्का लागू नये तशी. दाराच्या जागी रेघ तोडून वाट ठेवलेली होती. तिथे ती थांबली. समोर काही नव्हतं. मोकळं आकाश आणि शेजारच्या प्लॉटवरची वाळू. मालूने उजवा हात वर करून हवेवर टेकवला, पदर सावरला आणि खाली वाकून आत गेली.

नकाशात उंची नसते. ते रंजितालाही सुचलं नव्हतं.

आत जाऊन मालू चुलीच्या जागी बसली. "आलू बाय घरान," ती कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, आणि हाताने माती सारखी करू लागली.

दीपेशची हाताची घडी केव्हाच सुटली होती. तो मिस्त्रीकडे वळला. "मिस्त्री, पुढची चौकट ठेंगनी घ्या. आईच्या मापाची." मिस्त्री म्हणाला, येणाऱ्याजाणाऱ्याची डोकी फुटतील. "फुटूद्यात," दीपेश म्हणाला. मग तो आईला उठवायला निघाला, आणि त्या रेघेपाशी येताच तोही वाकला.