मेहुण्याचा खोकला

बायको गेली तेव्हा एक टोपली अर्धी राहिली होती. सुतारानं ती खुंटीवरच ठेवली. हिवाळा सरला तेव्हा त्याला वाटलं, आता ही पुरी करावी. पण त्याला वेत लागणार, आणि वेत होता ओढ्याकाठी, राखीव जंगलात, तारेच्या कुंपणापलीकडे.

"त्यांची रानडुकरं आपल्या शेतात आली तर चालतं," दाढी करता करता न्हावी म्हणाला, "आपण काडी उचलली की चोर! पण तुला रे काय घोर? राखणदार तर घरचाच."

वनरक्षक म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. अंगात खाकी चढल्यापासून गाव त्याच्याशी कामापुरतंच बोलायचं. सुतारही त्यातलाच. पण चोरून जाणं त्याला जमणारं नव्हतं. तो सरळ जंगलाच्या फाटकावर गेला.

"चार वेत हवेत. तिची टोपली पुरी करायचीय. नेऊ का?"

मेहुण्यानं कपाळावर हात मारला. "दाजी, विचारलंत कशाला? विचारलं की मला नाहीच म्हणावं लागतं."

"मग ती कुठून आणायची?"

"इथूनच. ताईनं कधी विचारलं नाही. मी गस्तीवर वळणापाशी खोकायचो, ती ओढ्यातून निघून जायची. घरी काय सांगायची?"

"बाजारातून आणते म्हणायची."

"आणि तुम्हाला पटलं!" मेहुणा हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवलं.

सुतार मागे फिरला. मेहुणा फाटकाला सांगितल्यासारखं मोठ्यानं बोलला, "उद्या सकाळी मी टेकडीकडे आहे. खोकला काही अजून गेला नाही बुवा."

सकाळी सुतार तारेखालून वाकून आत गेला. तिथली माती घासून गुळगुळीत झाली होती. वेताची जाळी त्याला लगेच सापडली. बायकोनं नेहमी बाहेरच्या कडेचेच वेत कापले होते, मधल्यांना हात लावला नव्हता. मध्ये एक पाखरू घरट्यावर बसलं होतं. ते त्याच्याकडे बघत राहिलं, उडालं नाही. तो आयुष्यभर या जंगलाला 'त्यांचं' म्हणत आला होता. तिनं मात्र ते परसासारखं सांभाळलं होतं.

त्यानं कडेचे चार वेत कापले. तेवढ्यात लांबून खोकला ऐकू आला. इतका खोटा, की त्याला हसू फुटलं. ती दर वेळी कशी हसू दाबत असेल, असं त्याच्या मनात आलं. मग तो डोळे पुसून ओढ्यात उतरला.

टोपली पुरी झाली. खाली तिची घट्ट वीण, वर त्याची ढिली, हिरवी. वाळल्यावर रंग एक होईल, वीण होणार नाही. ते बरंच आहे, असं त्याला वाटलं.

रविवारी त्यानं मेहुण्याला जेवायला बोलावलं. भाकऱ्या त्याच टोपलीत होत्या. मेहुण्यानं हिरव्या कडेवरून बोट फिरवलं. विचारलं काहीच नाही. नुसता खोकला.