पाण्याचं बाळ

दवाखान्याच्या मागच्या खोलीत चार काचेच्या पेट्या धूळ खात पडल्या होत्या. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या. लढाई थांबल्यावर कुणी कुणी त्या पाठवल्या. वर्षभरात एकेक बंद पडली, आणि दुरुस्त करणारं गावात कुणीच नव्हतं.

आज ताईने त्यांतली एक उघडली होती. सात वर्षं ती परक्या मुलखात निर्वासित होती. तिथल्या दवाखान्यात आधी फरशी पुसायची. पुढे तिथल्याच तळघरातल्या दुरुस्तीच्या खोलीत अशाच पेट्या दुरुस्त करायला शिकली. परत येऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच आज सकाळी तिच्या धाकट्या भावाला मुलगी झाली. दोन महिने आधी, जेमतेम दीड किलोची. वहिनीने तिला छातीशी धरलं होतं, पण वहिनीला ग्लानी येत होती आणि बाळाचे पाय गार पडू लागले होते.

पेटीतला हिरवा दिवा लागला.

"लागला! आणतो तिला!" भाऊ दाराकडे धावलाच.

"थांब. आधी हे बाळ." ताईने दीड किलो पाणी भरलेली पिशवी टॉवेलात गुंडाळून आत निजवली. "तासभर हे झोपेल. मग तुझी लेक."

"अगं ताई, माझी पोर गारठतेय आणि तू पिशवीचे लाड करतेस?"

"दिवा लागला म्हणजे पेटी बरी झाली असं नाही. जा, सदरा काढ आणि तिला छातीशी धर. बापाच्या अंगातही ऊब असते."

तो पाय आपटत गेला. ताई आणि दवाखान्यातली नर्स थर्मामीटरवर डोळे लावून बसल्या.

"बत्तीस... तेहतीस... चौतीस! झालं की हो!" नर्सने टाळी वाजवली. पेटीने चौतीसवर थांबायचं होतं.

पारा थांबला नाही. छत्तीस. अडतीस. ताईने झटकन वीज बंद केली. नर्सचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाळ आत असतं तर..."

"म्हणून पाणी." ताईने बिघडलेल्याच्या जागी बसवायला दुसऱ्या पेटीतून उष्णता मोजणारा भाग काढला. "तिथे माझ्या हातून असंच झालं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी मला तीन दिवस नुसत्या पिशव्याच भरायला लावल्या. धर ही तार. जोड तूच."

"मी?"

"मी कायम इथेच बसणार आहे का?"

नर्सने तार जोडली. पुन्हा पिशवी, पुन्हा तास. शेजारच्या खोलीतून दर पाच मिनिटांनी "झालं का गं?" असा भावाचा आवाज येत होता.

चौतीस. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस. पारा जागचा हलेना.

"आण रे!" ताई एवढ्या मोठ्याने ओरडली की अख्खा दवाखाना दारात जमला. भाऊ उघड्या अंगानेच लेकीला घेऊन आला आणि त्याने तिला आत ठेवलं. नर्सने बाळाच्या पायाच्या तळव्याला बोट लावलं, थोड्या वेळाने पुन्हा लावलं.

"ताई," ती हसत म्हणाली, "कोमट लागतोय."