भिंतीवर चढलेली रेघ

“हे ऐकून तुमी मला खोटारडा म्हननार. म्हना! आखाडा बाळापूरच्या अख्ख्या बाजारानं म्हनून झालंय,” सटवाजीनं भाकरीचा तुकडा मोडला. “पर खोटं पकडायच्या मशीनवर मी बसलेलो हाय. ह्याच बुडानं.”

देविदासचा घास हातातच राहिला.

म्हाताऱ्या सटवाजीची मेंढरं परवापासून देविदासच्या रानात खतासाठी बसली होती, म्हणून दुपारची भाकर देविदासची बायको पुजा तांड्यावरून आणायची. आज ती कुणालाच गोड लागत नव्हती. कालव्यावरची पाण्याची मोटार चोरीला गेली होती. चोरी कुठंही होवो, पोलिसांची गाडी आधी तांड्याकडं वळते. सकाळीच जमादार सांगून गेला होता, “दुपारी कागद आणतो. सही कर. मशीनवर बसवू, मग दूध का दूध.”

“मी सही करून टाकतो,” देविदास तेव्हापासून एकच घोकत होता. “चोरलीच न्हाई तर मशीन काय म्हनंल?”

“काय म्हनंल ते मला इचार,” सटवाजी सरसावून बसला. “शिरड शहापूरच्या शिवारातली मोटार गेली तवाची गोष्ट. आधी मला जजापुढं उभं केलं. चष्मेवाला, कवळा पोरगा. म्हनला, ‘आजोबा, तुमची राजीखुशी असंल तरच मशीन. न्हाई म्हनलात तर कुनी वायर लावू शकत न्हाई.’ मी म्हनलो, न्हाई म्हंजी न्हाई! माज्या छातीत काय हाय ते माजं हाय. आन् लेका, जज खुर्चीवरून उठला. मला नमस्कार केला!”

“जजानं?” पुजानं विचारलं.

“बराबर दोन्ही हातांनी.”

देविदास मात्र ढिम्म. त्याला जज नको होता, मशीन हवं होतं. सटवाजीनं ते ओळखलं आणि गोष्ट उचलून सरळ मशीनच्या खोलीत नेऊन ठेवली.

“खोली थंडगार. छातीला पट्टे, बोटांना वायरी. समोर पडदा, आन् पडद्यावर हिरवी रेघ चालून राहिली. माजा जीव, लेका! पोटात लपलेला माजा जीव माज्याच डोळ्यांपुढं चालून राहिला. टेकडीवर चढनाऱ्या मेंढरावानी वर-खाली, वर-खाली.”

बोलता बोलता त्याचा आवाज आपोआप खाली आला. ती रेघ त्याला खरंच दिसू लागली होती, आणि हातावरचे पांढरे केस उभे राहिले होते.

“तेवढ्यात पोलिसांचा साहेब फोनवर कुनाला तरी म्हनला, ‘आमी कुनाला मारहान करत न्हाई.’ वायरी मला, बोलला त्यो, आन् रेघ टुनकन् उडाली!”

पुजा फस्सकन हसली. देविदासला हसू आलं नाही.

“मग मला इचारलं, नाव काय? गाव कोनतं? रेघ गप. मग म्हनला, मेंढरं किती?”

सटवाजी थांबला. पलीकडं बाभळीखाली मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. ती किती, हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. आकडा तोंडातून निघाला की कळपाला नजर लागते. त्याचा बापही कुणी विचारलं तर एकच उत्तर द्यायचा.

“मी म्हनलो, असतील चार-दोन शेपट्या. झालं! रेघ अशी फुगली का पडद्यात माईना. काच सोडून भाईर आली. भिंतीवर चढली. पंख्याला येढा घातला आन् छताला जाऊन चिकटली. साहेब हात जोडून उभा!”

“मग उतरली?” देविदासनं विचारलं.

“उतरते काहून? मोटार चोरली का? न्हाई. रेघ छताला. आईचं नाव? खरं सांगितलं, तरी रेघ छताला! मेंढरांपायी एकदा खोटा ठरलो, का पुढचं समदं खोटंच.”

देविदासचा हात छातीवर गेला. “आबा, माजी तर आत्ताच धडधडून राहिली. जमादार दिसला तरी अशीच धडधडते. मशीनला काय कळंल, भ्यालो का चोरली?”

कालव्याच्या रस्त्यावर फटफटीचा आवाज आला. देविदास उठून उभा राहिला.

पुजा भाकरीचं फडकं घडी करता करता थांबली. “आबा, जजाला तुमी न्हाई म्हनलात?”

“ठनकावून.”

“त्यानं नमस्कार केला?”

“दोन्ही हातांनी.”

“मग वायरी कुनी लावल्या?”

सटवाजीला एकदम तांब्या आठवला. पाणी पिता पिता तो बाभळीकडं बघू लागला.

“खोटं!” पुजा ओरडली, तशी मेंढरांनी डोकी वर काढली. “त्या खोलीत तुमी पाऊलबी टाकलं न्हाई! न्हाई म्हनलात आन् सरळ घरी आलात! अवो, ऐकलं का? न्हाई म्हनता येतंय!”