उडत्या कासवांचं स्टेडियम

"ज्याला मोठं व्हायचंय, त्याने आधी जागा मोठी करावी. माणसं आपोआप येतात. जगातली सगळी साम्राज्यं अशीच उभी राहिली."

दातांच्या डॉक्टरांनी हे विधान केलं, तेव्हा समोरच्या माणसाच्या तोंडात कापसाचे दोन बोळे, एक आरसा आणि लाळ ओढणारी नळी होती. तो "आँ" म्हणाला. डॉक्टरांनी ते अनुमोदन धरलं. गेल्या तीस वर्षांत त्यांच्या एकाही विधानाला विरोध झाला नव्हता, त्याचं कारण हेच. खुद्द डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेर बसायला चार खुर्च्या होत्या आणि त्यातली एक डुगडुगत होती.

तोंड उघडून बसलेले गृहस्थ गावातल्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. रूट कॅनाल चालू असल्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी त्यांना इथे यावं लागे. मागच्या दोन शनिवारी त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. डॉक्टर मधेच हत्यारांचा ड्रॉवर उघडत, आत बघत, त्यांचा चेहरा पडे आणि ड्रॉवर बंद होई. व्यवस्थापकांना वाटे, लागणारा चिमटा या घरात नाहीच आणि आता जे हाताशी येईल त्याने काम होणार.

ड्रॉवरमध्ये चिमट्यांच्या मधोमध मोबाइल होता, आणि मोबाइलमध्ये डॉक्टरांच्या मुलीचा बास्केटबॉलचा क्लब.

मुलगी डोंगरात दगडांचं सर्वेक्षण करायला दीड महिन्यासाठी गेली होती. तिथे फोन लागत नव्हता. जाताना तिने बाबांच्या हातात तो खेळ दिला. क्लबचं नाव 'उडती कासवं'. आठवीत असताना ठेवलेलं. खेळाडू खोटे, सामने खोटे, सगळं कुठल्याशा संगणकावर चालायचं. पण जगभरची खरी माणसं आपापले क्लब घेऊन त्यात एकमेकांशी झुंजायची आणि पोरीने आठ वर्षं खपून कासवांना वरच्या गटात नेऊन बसवलं होतं.

"बाबा, रोज एकदा उघडायचं, बघायचं, बंद करायचं. फार दिवस कुणी उघडलं नाही तर क्लब बेवारस धरतात, म्हणून. फक्त बघायचं. हात लावायचा नाही."

"अगं, मी काय लहान आहे?"

"मासे," मुलगी म्हणाली.

मुलगी दहा वर्षांची असताना शाळेच्या सहलीला जाताना तिने काचेच्या भांड्यातले तीन मासे बाबांच्या हवाली केले होते. बाबांनी त्यांना इतक्या मायेने खाऊ घातलं, की ती परत आली तेव्हा तिघेही पोटं वर करून तरंगत होते. तेव्हापासून घरातली श्वास घेणारी कुठलीही वस्तू तिने बाबांच्या ताब्यात दिली नव्हती. कुंडीसुद्धा आईकडे असे. त्यामुळे हा क्लब हातात आला तेव्हा डॉक्टरांचा ऊर भरून आला होता. बारा वर्षांनी विश्वास परत मिळाला होता. तो आता त्यांना डोळ्यांत तेल घालून जपायचा होता.

पहिला आठवडा त्यांनी फक्त बघितलं. बघता बघता एक गोष्ट त्यांना डाचू लागली. कासवांचं स्टेडियम सहा हजार खुर्च्यांचं, आणि दर सामन्याला पाटी लागलेली: 'सर्व तिकिटं संपली.' म्हणजे दारातून माणसं परत जात असणार! आल्या माणसाला दारातून परत पाठवायचं, हे डॉक्टरांच्या रक्तातच नव्हतं. त्यांच्या दारातून क्वचित कुणी परत जाई, आणि तेही बाहेर बसून आतला आवाज ऐकल्यावर. त्यातून 'स्टेडियम वाढवा' हे बटण हिरवंगार होतं. माणसाने हात लावावा म्हणूनच कुणी एवढं हिरवं बटण करतं.

डॉक्टरांनी सहा हजाराचं वीस हजार केलं. तिजोरी खरवडून निघाली.

मग कळलं, की बांधकाम चालू असताना जुन्या खुर्च्याही बंद राहतात. घरचे दोन सामने कासवं रिकाम्या मैदानात खेळली, आणि हरली. स्टेडियम उघडलं तेव्हा डॉक्टरांनी नवा शर्ट घातला होता. प्रेक्षक आले सहा हजार शंभर. म्हणजे दारातून परत जाणारी माणसं होती खरी, शंभर होती.

खेळात स्टेडियमचं चित्र दिसायचं. भरलेल्या खुर्च्या लाल, रिकाम्या राखाडी. डॉक्टरांना ते कीड लागलेल्या जबड्याच्या एक्स-रेसारखं दिसलं. वर एवढ्या खुर्च्यांच्या देखभालीचा खर्च दर आठवड्याला. क्लब तोट्यात गेला.

"जेवताना तरी तो फोन ठेवा," बायको म्हणाली. "आणि काय हो, बाहेरची ती खुर्ची कधी बसवणार? काल पोस्टमन पडता पडता वाचला."

"तोट्यात आहोत आपण."

"आपण?" बायकोने वाटी खाली ठेवली. "अहो, तुम्ही त्याला हात लावलात?"

डॉक्टरांनी भातावर आणखी आमटी ओतून घेतली.

"ती दगड मोजायला गेलीये," बायको म्हणाली. "आल्यावर तेच आणेल तुमच्या डोक्यात घालायला."

डॉक्टरांनी तोटा भरून काढायचा निश्चय केला आणि इथे त्यांचा धंदा आडवा आला. दवाखान्यात त्यांनी जेव्हा जेव्हा फी वाढवली, तेव्हा कमाई वाढली होती. एकाही पेशंटने कधी घासाघीस केली नव्हती. तेव्हा माणसं कमी येतात, तर माणशी जास्त घ्यावं, हे सरळ होतं. त्यांनी दहा नाण्यांचं तिकीट पंचवीसला केलं. पुढच्या सामन्याला दोन हजार माणसं आली, आणि खेळात लाल अक्षरांत सूचना: 'क्लब आणखी एक आठवडा तोट्यात राहिल्यास बँक आपला सर्वात महाग खेळाडू लिलावात विकेल.'

सर्वात महाग खेळाडू लंबू होता. मुलीने त्याला पोरसवदा असताना घेतलं होतं. त्याला शिकवलं, त्याचा गुडघा दुखावला तेव्हा एक अख्खा हंगाम वाट बघितली. घरात त्याच्याबद्दल असं बोललं जाई, की एकदा मावशीने "हा लंबू करतो काय?" म्हणून चौकशी केली होती, स्थळ म्हणून.

त्या दिवसापासून पेशंटला "दुखतंय का?" विचारताना डॉक्टरांचा स्वतःचाच आवाज रडवेला येई. पेशंट घाबरून "नाही नाही" म्हणत.

शेवटी या शनिवारी, साम्राज्यांवरचं विधान करून झाल्यावर, त्यांनी व्यवस्थापकांच्या तोंडातले बोळे काढले आणि सगळं सांगून टाकलं. तासाभरात सामना होता. घरचा, शेवटचा. आणि उद्या सकाळी मुलगी येणार होती.

व्यवस्थापकांनी चूळ भरली. त्यांचा अर्धा जबडा बधिर होता, पण धंद्याचा विषय निघाल्यावर ते थांबणारे नव्हते.

"डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे माणूस येतो तो ठणका लागला म्हणून. नाटकाला गेलं नाही म्हणून कुणाचं काही ठणकतं का?"

डॉक्टर स्टुलावर बसले. तीस वर्षांत त्यांच्या डोक्यात ही गोष्ट आली नव्हती.

"तिकीट उतरवा," व्यवस्थापक म्हणाले. "आम्ही तर अशा वेळी बाल्कनीला कुलूप लावतो आणि सगळ्यांना खाली कोंबतो. अर्धं रिकामं थिएटर बघितलं की माणसाला वाटतं, आपण फसलो."

"यात कुलूप नाही. पाडता येतात खुर्च्या."

"मग पाडा."

"पाडायलाही पैसे लागतात."

"कुणी काढलाय हो हा खेळ?" व्यवस्थापक आदराने म्हणाले. "सरकारी दिसतो."

तिकीट सात नाण्यांवर आलं. दोघे ड्रॉवरवर वाकले. तोटा भरायला किमान दहा हजार माणसं हवी होती. आकडा चढू लागला. तीन हजार. पाच. डॉक्टरांनी व्यवस्थापकांचं मनगट धरलं. सात. साडेआठ. बाहेर डुगडुगती खुर्ची वाजली. पुढचा पेशंट आला होता. नऊ हजार. नऊ हजार दोनशे.

आकडा तिथेच थांबला.

"भरेल भरेल," व्यवस्थापक म्हणाले. "काही लोकांना उशिरा यायची सवय असते."

कासवं सामना जिंकली. लंबूने एकट्याने तीस गुण केले, त्यामुळे लिलावातली त्याची किंमत आणखी वाढली.

रविवारी सकाळी डॉक्टर दाराजवळच्या खुर्चीत बसून होते. लंबू पहाटेच विकला गेला होता. कुणी घेतला ते बघायची त्यांना हिंमत झाली नव्हती. त्यांनी बोलायची वाक्यं पाठ केली होती, पण त्यातलं प्रत्येक वाक्य 'मी फक्त' ने सुरू होत होतं.

घंटी वाजली. मुलगी दारात उभी होती. उन्हाने रापलेली, पाठीवर ही थोरली पिशवी. ती आत आली, पिशवी टाकली आणि गालावर हात ठेवून बसली.

वाटेत फोन लागला असणार, डॉक्टरांच्या मनात आलं. हिला सगळं कळलंय.

"बाळ, मी... स्टेडियम वाढवलं."

तिने डोळे मिटले.

"वीस हजार केलं. मला वाटलं, माणसं परत जातात."

तिने दुसराही हात गालावर नेला.

"आणि लंबू गेला. काल नऊ हजार दोनशेच आले गं. आणखी आठशे माणसं आली असती तर..." त्यांनी तिची पिशवी उचलून पुन्हा तिथेच ठेवली. "माझं माशांसारखंच झालं."

"अं," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांना ते बघवेना. गालावर हात धरून आलेली माणसं उंबऱ्यातच ओळखणारा हा गृहस्थ, तीस वर्षांचा अनुभव गाठीशी घेऊन, पोरीच्या दुःखाकडे नुसता बघत उभा राहिला.

"बोल ना काहीतरी. शिव्या दे."

मुलीने कसंबसं तोंड उघडलं. एका बाजूने.

"बाबा, डाढ... चार दिवस झाले. जरा बघ ना," ती म्हणाली. डॉक्टर धावत बॅटरी आणायला निघाले, तशी तिने त्यांची बाही धरली. "फक्त बघ हं. हात नको लावूस."