तपकिरी कागदावरची पांढरी पेन्सिल

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेन्सिल आहे. आता अंगठ्याच्या नखाएवढीच उरले आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा पेटीतल्या तेवीस रंगीत बहिणींइतकीच उंच होते. त्या झिजत गेल्या, मी मात्र तशीच राहिले. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीला कोण विचारतो? सदाशिव पेठेतल्या जयाताईंच्या चित्रकलेच्या वर्गात मुले मला उचलत आणि "हिने काही उमटतच नाही" म्हणून परत ठेवत. मला फार वाईट वाटे.

मग वर्गात वारज्याचे सर्जेराव आले. चाळीस वर्षे गाड्या दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते, आणि जुन्या स्कूटरी, जुन्या मोटारी यांखेरीज त्यांना दुसरे काही काढायचे नव्हते. जयाताईंनी त्यांच्यापुढे तपकिरी कागद ठेवला.

"अहो सर्जेराव, सावली काळ्या पेन्सिलीने, उजेड पांढरीने. मधलं सगळं कागद सांभाळतो. त्याला त्याचं काम करू द्या."

हेडलाइटच्या कडेवर माझी एक रेघ पडली आणि काच लखलखली. मी हरखून गेले.

पण सर्जेरावांच्या हाताला एक खोड होती. गाडी पुसून चकचकीत केल्याशिवाय त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिली नव्हती. चित्र संपत आले की तेही असेच चकचकीत करायला घेत, फक्त फडक्याऐवजी मला फिरवत. जयाताई कपाळाला हात लावत. मी भराभर झिजत होते, आणि खरे सांगते, मला ते आवडत होते.

एकदा यमुनाबाईंचा फोन आला. त्यांच्या यजमानांची स्कूटर सर्जेरावांनीच तीस वर्षे सांभाळली होती. यजमान जाऊन आठ वर्षे झाली होती, गाडी पार्किंगमध्ये गंजत होती, आणि शनिवारी चार वाजता भंगाराचा टेम्पो येणार होता. त्याआधी त्यांना गाडीचे चित्र हवे होते.

"फोटो आहेत हो, पण सगळ्यांत आम्हीच पुढे उभे. गाडी दिसतच नाही," त्या म्हणाल्या.

शनिवारी सर्जेराव सकाळपासून पार्किंगमध्ये स्टूल टाकून बसले. दुपारपर्यंत चित्र झाले. यमुनाबाईंनी चष्मा लावून ते नीट पाहिले.

"छान आहे. कुणाची आहे?"

सर्जेराव ओशाळले. चित्रातली गाडी नवीकोरी झाली होती, आणि डाव्या अंगाचा मोठा पोचा त्यात नव्हताच.

"तो पोचा माझा आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "शिकताना मंडईजवळ खांबावर घातली होती मी. तुम्ही दहादा म्हणालात सरळ करून देतो. ह्यांनी कधी हात लावू दिला नाही."

सर्जेरावांनी रबर फिरवून पाहिला. पांढरे निघेना, कागद मात्र मळला. तीन वाजले होते. दुसरा कागद होता, पण मी शार्पनरमध्ये धरताही येणार नाही एवढीशी उरले होते. त्यांनी ब्लेडने हलकेच मला टोक काढले. मला धडकी भरली.

या वेळी त्यांनी नव्या कागदावर गंज रेखाटला, फाटलेली सीट रेखाटली, पोचाही रेखाटला. माझी पाळी तीनदाच आली. एकदा हेडलाइटच्या कडेवर, एकदा हातांनी घासून गुळगुळीत झालेल्या मुठीवर, आणि शेवटी पोच्याच्या वरच्या काठावर, जिथे उजेड अडला होता. इतकी कमी मी कधी वापरली गेले नव्हते आणि इतकी उजळही कधी दिसले नव्हते.

टेम्पो आला. माणसे गाडी वर चढवू लागली. यमुनाबाईंनी कागदावरच्या पोच्यावर अलगद बोट ठेवले.

"ही आमची," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्या रेघेत मी जवळजवळ संपले, त्याचे मला मुळीच दुःख नाही. दुःख एवढेच आहे, की ती गाडी आठ वर्षे तिथेच उभी होती आणि अगदी शेवटच्या दिवशीच तिच्याकडे कुणी निरखून पाहिले. तुमच्याही घरात असे कुणीतरी कोपऱ्यात उभे असेल. त्याच्यासमोर आजच तासभर बसा. टेम्पोची वेळ ठरेपर्यंत थांबू नका.