स्वखुशीने

"म्युच्युअल म्हंजी?" कॉलेजच्या हेडक्लार्कने चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"म्हंजी बदलीला बदली, भाऊसाहेब," विल्यम साळवे खिडकीच्या गजांशी वाकून म्हणाला. "ही आमची हन्ना. तिकडनं हिकडं येनार. आन् ही माया, हिकडनं तिकडं जानार. दोघी बी बी.एस्सी.च्या, दोघींची दोन वर्सं पास. हिची जागा तिला, तिची जागा हिला. कॉलेजचा काय बी तोटा न्हाई. दोन्ही पार्ट्या हजर हायेत, दोन्ही पालक हजर हायेत. सह्या करूनच आनलंय."

आणि त्याने खिडकीतून अर्ज आत सरकवला. विषय, परस्पर बदलीबाबत. खाली डावीकडे विल्यमची सही, उजवीकडे मायाच्या वडिलांची, निमोण्याच्या पोपट गायकवाडांची. पोपटराव मागेच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, पोरीचं शुभकार्य पार पडत असल्यासारखे.

हेडक्लार्क तसा वाईट माणूस नव्हता. त्याने हसू दाबून बघितलं, पण ते नाकातून बाहेर पडलंच. मग त्याने अर्ज शेजारच्या टेबलाला दिला, शेजारच्या टेबलाने पलीकडच्या. थोड्या वेळात सगळं ऑफिस आनंदात होतं. हन्ना बापाच्या पाठीमागे उभी राहून खालच्या फरशीकडे बघत राहिली. जमीन पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं, पण शिरूरच्या कॉलेजची फरशी चांगली घट्ट बसवलेली होती.

विल्यमला मात्र आपण काही चुकीचं बोललो असं वाटतच नव्हतं. तो रेल्वेत पॉइंट्समन होता, म्हणजे रुळांचे सांधे बदलून गाड्या या रुळावरून त्या रुळावर घालणारा. माणूस शिरूरचा, पण सगळी नोकरी बडनेऱ्याला गेली. आई शिरूरला अंथरुणाला खिळली तेव्हापासून दौंडला बदली मिळावी म्हणून तो धडपडत होता. रेल्वेत याला एक हमखास मार्ग आहे. तुम्हाला जिथे जायचं तिथला एखादा माणूस शोधायचा, ज्याला तुमच्या जागी यायचं आहे. दोघांनी मिळून अर्ज करायचा, साहेबाने सही करायची, की हा इकडे आणि तो तिकडे. विल्यमने चार वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गार्डाजवळ चिठ्ठी दिली होती. शेवटी दौंडच्या यार्डातला एक नवा पोरगा भेटला, ज्याची सासुरवाडी अकोल्याकडची होती. झाली बदली.

त्यात एक खोच होती. अशा बदलीत दोघांपैकी ज्याची नोकरी कमी, त्याचीच सिनियॉरिटी दोघांना लागते. पोरगा तीन वर्षांपूर्वी लागलेला. त्यामुळे विसाहून अधिक वर्षं रुळांवर काढलेला विल्यम दौंडच्या यार्डात तीन वर्षांचा पॉइंट्समन झाला. सुटीचा वार निवडायची पाळी आली तेव्हा वरचे सगळे रविवार घेऊन गेले होते. त्याच्या वाट्याला मंगळवार उरला. बडनेऱ्याच्या मिशनच्या देवळात रविवारी ज्याच्या आवाजाशिवाय पहिलं गीत सुरू व्हायचं नाही, त्या माणसाची ही गत.

"मंगळवार काय सैतानानं केलाय व्हय? त्यो बी देवाचाच," तो घरी म्हणाला होता. हन्ना हसली होती आणि विसरूनही गेली होती. कारण तिच्यासमोर तिचं स्वतःचं तिसरं वर्ष होतं.

बडनेऱ्याहून निघायच्या आधी ती बापाच्या अक्षरशः पाया पडली होती. एकच वर्ष राहिलंय, मला होस्टेलला राहू द्या, केमिस्ट्रीच्या मॅडमही तेच म्हणतात. पण विल्यमने आपली रिलीव्हिंग ऑर्डर घेतली त्याच आठवड्यात तिच्या कॉलेजातून तिचा दाखलाही काढून आणला. रेल्वेचा नियमच तसा. आधी इथून मोकळं व्हायचं, मग तिथे हजर व्हायचं.

"पप्पा, तिकडे प्रवेश मिळण्याआधी दाखला काढत नसतात!"

"अगं रिलीव्ह झाल्याबिगर जॉइन कोन करून घेतं? वेडी का काय."

शिरूरला आल्यावर ती म्हणाली, निदान आता कॉलेजात जाऊन विचारू. तर तेही नाही. "मोकळ्या हातानं साहेबाफुडं जायचं न्हाई. पार्टी घिऊन जायचं. मंग त्यो न्हाई म्हनूच शकत न्हाई." आई आजीच्या उठबशीत गुंतलेली, ती काय बोलणार? आणि हन्नालाही, खरं सांगायचं तर, थोडं वाटलं की पप्पांना माहीत असेल. चार वर्षं खपून ज्याने स्वतःची बदली करून आणली, त्याला बदलीतलं कळतं असं कुणालाही वाटलं असतं. तिचा पुढे सगळ्यात जास्त जीव जळला तो याच गोष्टीवर.

अख्खा जून विल्यमने पार्टी शोधण्यात घालवला. आठवडाभर दौंडला राहून मंगळवारच्या सुटीला एस.टी.ने यायचं आणि शिरूर, न्हावरे, कुठे कुठे विचारत फिरायचं, की इथली कुणी पोरगी वऱ्हाडाकडे शिकायला निघाली आहे का. लोक चमत्कारिक नजरेने बघायचे. शेवटी न्हावऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरने सांगितलं, निमोण्याच्या पोपट गायकवाडांची पोरगी बी.एस्सी.ला आहे आणि तिचं लग्न अकोल्याला ठरलंय.

विल्यम हन्नाला घेऊन निमोण्याला गेला. पोपटरावांच्या दारात उभं राहून तो ख्रिस्ती रिवाजाने "सलाम" म्हणाला, आतून "जय भीम, या की" आलं, आणि पाणी पिऊन होताच त्याने सरळ विषयाला हात घातला, "तुमच्या पोरीच्या संदर्भात आलोय." पोपटरावांच्या बायकोचा चेहरा उतरला. सोयरीक मोडायला कुणी आलं असं तिला वाटलं. तो गैरसमज निस्तरण्यात चहा निवून गेला.

पोपटराव रांजणगावच्या एका कंपनीत वॉचमन होते. त्यांना मात्र गोष्ट चटकन पटली. "आमच्यात बी शिफ्ट आशीच बदलत्यात," ते म्हणाले. "मी त्याची करायची, त्यानं माझी."

"बघा! त्येच म्हनतोय मी," विल्यम खुलला.

दोन बाप असे मान डोलवत बसले असताना माया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने हळूच विचारलं, "म्हंजी मला लगीन झाल्यावर तिकडं तिसरं वर्स करता येईल?"

हा प्रश्न त्या घरात तोपर्यंत कुणाला पडलाच नव्हता. सगळ्यांनी धरलं होतं की लग्न म्हणजे कॉलेज संपलं. पोपटरावांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा पोरीकडे. मग म्हणाले, "जागाच मिळत आसंल तर मी जावयाशी बोलतो. हातात असलं म्हंजी बोलता येतंय." आणि त्यांनी अर्जावर सही केली. हन्नाला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की कदाचित पप्पांचं बरोबरही असेल.

आता खिडकीशी हेडक्लार्कचं हसून झालं होतं. तो समजावून सांगायला लागला, तेही चांगल्या शब्दांत.

"हे बघा साळवे, ही काय रेल्वे नाही. हिची जागा रिकामी झाली म्हणून तिथं तुमच्या मुलीला बसवता येत नाही. विद्यापीठ वेगळं, पेपर वेगळे. तिकडं दोन वर्षांत काय शिकवलं आन् हिकडं काय, ते विद्यापीठाचं मंडळ ताडून बघतं. जुळलं तर तिसऱ्याला घेतात."

"मंग बघा की ताडून!"

"त्याची मुदत जूनअखेर होती. अभ्यासक्रमाच्या सही-शिक्क्याच्या प्रती लावून प्रस्ताव पाठवावा लागतो. मुलीचे मार्क चांगलेत. जूनमधी आला असता तर झालंही असतं कदाचित." त्याने कॅलेंडरकडे बघितलं. जुलै अर्धा सरला होता. "कुठं होता तुम्ही महिनाभर?"

विल्यमने मागे वळून पोपटरावांकडे बघितलं. पोपटराव मायाकडे बघत होते. माया कुणाकडेच बघत नव्हती.

झालंही असतं कदाचित. हन्नाला हे तीन शब्द असे लागले की तिने ओठ घट्ट मिटून घेतले, नाहीतर ती तिथेच ओरडली असती. नसतंच झालं म्हणाला असता तर तिने सोसलं असतं.

बाहेर पोपटराव विल्यमला म्हणाले, "तुमी काय मुद्दाम केलं न्हाई, भाऊ." पण आवाज पडलेला होता. जावयाशी बोलायला त्यांच्या हातात आता काही नव्हतं. माया हन्नाचा हात धरून बाजूला झाली. "तुला काय म्हनले? पयल्या वर्साला तरी घेतील का?"

"पहिलं? मी दोन वर्षं पास झालेय, माया."

"बस तू," माया म्हणाली. "वर्गात बसवत्यात तवर बस."

विल्यमने हार मानली नाही. पुढचे दोन मंगळवार त्याने पुण्याला विद्यापीठाच्या खिडक्यांपुढे घालवले. या खिडकीने त्या खिडकीकडे धाडलं, त्या खिडकीने जेवायची सुटी सांगितली. साहेब बैठकीत होते, मग रजेवर गेले, मग आले तर त्यांच्याकडचं कामच दुसऱ्याकडे गेलं होतं. हन्ना बडनेऱ्याच्या कॉलेजला फोन करून आली. तिथली तिची जागा भरली होती. दाखला काढलेल्या मुलीला परत घ्यायचं तर पुढच्या जूनला या, म्हणाले, आणि होस्टेलचं तेव्हा बघू. आता दोनच रस्ते उरले. वर्षभर घरी बसायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा या खिडक्या पुजायच्या, नाहीतर पहिल्या वर्षाला नाव घालायचं. एक वर्ष घरी बसलेल्या पोरीसाठी लोक स्थळं घेऊन येतात, हे तिला मायाच्या घरी बसून चांगलं कळलं होतं.

"पहिल्याला घालते नाव," ती आईला म्हणाली. बापाला तिने काहीच सांगितलं नाही. त्याच्याशी ती बोलतच नव्हती.

प्रवेशाला पालकाची सही लागत होती, म्हणून मंगळवारी तो आला. दोघं शेजारी-शेजारी चालत कॉलेजात गेली, पण अशी की बघणाऱ्याला वाटावं ती एकमेकांना ओळखत नाहीत. हेडक्लार्क आज हसला नाही. त्याने एक कागद पुढे केला. "एवढं लिहून द्या. पुढं तक्रार नको."

कागदावर होतं, की मी तिकडील दोन वर्षे उत्तीर्ण असून येथे प्रथम वर्षास स्वखुशीने प्रवेश घेत आहे, मागील वर्षांबाबत माझी कोणतीही मागणी राहणार नाही. हन्नाने वाचलं आणि तिचा इतके दिवस धरून ठेवलेला बांध फुटला.

"स्वखुशीने!" ती म्हणाली. रांगेतली पोरं वळून बघायला लागली, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. "कुणाच्या खुशीने, पप्पा? तुमच्या की माझ्या? मी सांगत होते, दाखला काढू नका. सांगत होते, आधी विचारा. तुमची रेल्वे, तुमची पार्टी! दोन वर्षं गेली माझी. तुम्हाला काय कळणार काय जातं ते!"

विल्यमने खिशातून पेन काढलं, कागद खिडकीच्या कट्ट्यावर सरळ केला. स्वखुशीने या शब्दाशी त्याचं बोट थांबलं.

"ह्योच शबुद हुता," तो म्हणाला. तिला नव्हे, कागदालाच म्हणाल्यासारखं. "माझ्या बी अर्जावर. ह्योच. मागच्या सर्विसची मागनी राहनार न्हाई." मग त्याने वाकून सही केली, सावकाश, वळणदार, साहेबापुढे करतात तशी, आणि पेन तिच्यापुढे धरलं. "तुझी हितं."

तिने सही केली. राग गेला नव्हता. फक्त आता तो नेमका कुणावर काढायचा हे तिला कळेना.

पुढच्या आठवड्यात तास सुरू झाले. हन्नाचा प्रवेश सगळ्यांच्या मागून झालेला, म्हणून हजेरीत तिचा नंबर शेवटचा. सर नावं घेत घेत खाली यायचे आणि तिच्याआधीच वही मिटायला लागायचे. वर्गातल्या पोरी तिला "ताई" म्हणायला लागल्या. मंगळवारी पहिलं प्रॅक्टिकल झालं. सरांनी ब्युरेट, म्हणजे तोटीची काचनळी, कशी धरायची, थेंब थेंब कसं सोडायचं ते दाखवलं. बडनेऱ्याला हेच ती धाकट्या पोरींना शिकवायची. तिने इतरांसारखंच मान वर करून सगळं बघितलं.

परत येताना मिशनच्या देवळाचं दार उघडं दिसलं. मंगळवारी ते बंद असतं. दाराशी बापाचे यार्डातले काळे बूट होते, एकाला एक लावून ठेवलेले. आत एकही माणूस नव्हता, पुढचे सगळे बाक मोकळे होते, आणि विल्यम शेवटच्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला बसला होता. बडनेऱ्यात तो नेहमी पहिल्या ओळीत बसायचा, वेदीसमोर. गीताचं पुस्तक मांडीवर होतं, पण आवाज नव्हता.

हन्ना दारात उभी राहिली. मग तिने चपला काढून त्या बुटांशेजारी ठेवल्या आणि आत गेली. त्याने वर बघितलं.

"आज काय शिकिवलं?"

"ब्युरेट कशी धरायची ते."

"येत आसंल की तुला."

"हो."

विल्यमने मान हलवली आणि तिला जागा व्हावी म्हणून भिंतीकडे थोडा सरकला. बाक अख्खा रिकामा होता.