उलटं गाऱ्हाणं

धाकू घाडींनी मंडळाची सभा मुद्दाम त्याच रविवारी लावली. अगदी ठरवून! गावातल्या बायकांच्या संस्थेनं कोकमाचा नवा कारखाना उभा केला, उद्घाटनाची तारीख काढली, आणि शिरवण ग्रामोत्कर्ष मंडळ, मुंबईच्या सेक्रेटरीला, म्हणजे धाकूकाकांना, एका शब्दानं विचारलं नाही. नुसतं आमंत्रण आलं, तेही व्हॉट्सॲपवर, सगळ्यांना धाडलं तेच. म्हणजे हे पाहुणे झाले! ज्या माणसानं मरोळच्या कंपनीतली पाळी संपवून घाटकोपर, मुलुंड, बोरिवली पालथी घातली, दारोदार गावची आमसुलं विकून बायकांना पहिलं यंत्र घेऊन दिलं, तो पाहुणा? बघूयाच म्हटलं, माणसं गावाला जातात की माझ्याकडे येतात.

माणसं गावाला गेली. झाडून सगळी.

मरोळच्या सोसायटीच्या हॉलमध्ये धाकूकाका एकटे बसले. खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर नारळ, उदबत्ती. मंडळाची खजिनदार पद्मजा तरी येईल असं त्यांना वाटत होतं. तिचा फोटो आला, थेट कारखान्याच्या दारातून, केसांत अबोलीचा वळेसर. चहावाला किटली ठेवून म्हणाला, "काका, पब्लिक किधर है?"

"येतील रे," काका म्हणाले.

बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. दिशा, मुलगी, पुण्याला. मंडळाची सभा असली की तेवढा त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यायचा. खरं सांगायचं तर त्यांना मानपान नको होता. गावाला अजून आपण लागतो, एवढं कुणीतरी म्हणावं, बस्स. आज तेही संपलं असं वाटून त्यांना भरून आलं.

तेवढ्यात फोन वाजला. माधुरी, गावची सून आणि त्या संस्थेची अध्यक्ष.

"काका, वाट लागली! भाऊंचो घसो बसलो. आवाजच फुटना नाय. आता गाऱ्हाणा कोण घालतलो?"

आमच्याकडे कोकणात शुभकार्य म्हटलं की आधी देवाला गाऱ्हाणं. एकानं मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. साथ नसेल तर मागून उपयोग काय? गावात हा मान भाऊंचा, मुंबईत धाकूकाकांचा.

"मग मी काय करू?" काका घुश्शातच होते.

"काय म्हंजे? तुमी घाला! फोन स्पीकराक लावतंय."

रुसवा कुठल्या कुठे पळाला. काका ताडकन उठले, टोपी सारखी केली, नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकींनी ह्यो जो काय कारखानो उभो केल्यानी हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" फोनमधून गर्जना आली. रिकामा हॉल घुमला.

काकांना चेव चढला. पुढची ओळ मुंबईत इतकी वर्षं घोटलेली, ती आपसूक तोंडात आली. "आणि जी कोण गावात एकटी मागे रवली हत, तेंची राखण कर रे म्हाराजा!"

कुणीच साथ दिली नाही. मग तिकडे बायकांत खसखस पिकली.

"काका," माधुरी हसू दाबत म्हणाली, "ता तुमचा मुंबैतला गाऱ्हाणा. हय कोण एकटा नाय, मांडव भरलो हा! भाऊ उलटा म्हणतत."

काकांनी समोरच्या खुर्च्यांकडे पाहिलं. भाऊंची ओळ त्यांना पाठ होती. बाप मुंबईत असताना लहानपणी त्यांनीच तिला बेंबीच्या देठापासून साथ दिली होती.

"आणि जो कोण..." त्यांनी नारळ घट्ट धरला. "जो कोण मुंबैत एकटो रवलो हा..."

पुढचे शब्द फुटेनात. तिकडची हसाहसी थांबली. मग माधुरीनंच, हळू आवाजात, ओळ पुरी केली. "तेची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" अख्खा मांडव ओरडला.

तिकडे नारळ फुटल्याचा आवाज आला. काका मटकन खुर्चीत बसले आणि आपला नारळ पोटाशी धरून ढसाढसा रडले.